पहाटे रोडवर पळताना उजवी कड की डावी?

तापीकाठ
बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रोडवर यावल ते चोपडा पहाटे पाचला गाडी चालवून बघा. भरतीची पोरं तिघं-चौघं शेजारी-शेजारी, अंगात काळा ट्रॅकसूट, कानात इअरफोन, आणि सगळी डाव्या कडेने. मागून येणारा केळीचा ट्रक त्यांना ना दिसतो, ना ऐकू येतो.

डावीकडून जायचं हे शाळेपासून डोक्यात बसलंय, पण ते गाड्यांसाठी. फुटपाथ नसेल तिथे पायी माणसाने उजवी कड धरावी, समोरच्या गाडीकडे तोंड करून. ताशी 80 ने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा. 33 मीटर तिथेच गेले, गाडी थांबायला लागते ती त्यानंतर. अंधारात काळ्या कपड्यातला माणूस डिप्परवर दिसतो तोच मुळी इतक्या जवळ आल्यावर. म्हणजे वाचायचं काम पळणाऱ्यालाच करायचंय, आणि त्यासाठी गाडी त्याच्या डोळ्यांसमोर हवी. इअरफोनबद्दल वेगळं काय सांगू?

पिकअपवाला_रावेर
कागदावर बरोबर आहे भो. पण रोड दोन पदरी. ओव्हरटेक करणारा कुठे घुसतो? उजवीकडेच ना? पुढे ऊसाची ट्रॉली रांगतेय, समोर मोकळं दिसलं, मी काढली गाडी. तुमचा पळणारा नेमका त्याच कडेला, माझ्याकडे पाठ करून, आणि सगळं लक्ष समोर. डावीकडे असता तर ट्रॉलीमागे चालताना तरी मला दिसला असता.

तापीकाठ
मुद्दा खरा आहे दादा. पण डावीकडे झाडून सगळ्या गाड्या पाठीमागून येतात, उजवीकडे फक्त ओव्हरटेकवाले. आणि ओव्हरटेक कधी होतो? समोरून काही येत नसतं तेव्हाच. म्हणून समोर रोड रिकामा दिसला की मागे मान वळवायची. समोर दिवे दिसत असतील तर नजर तिकडे. एवढी सवय आठवड्यात लागते.

लळिंगवाला
हे सगळं दोन पदरीचं. आमच्या धुळ्याकडे मुंबई-आग्रा हायवे चौपदरी आहे. तिथे 'उजवी कड' म्हटलं की काही शहाणे दुभाजकाला चिकटून पळतात, म्हणजे सगळ्यात वेगाच्या लेनमध्ये! पलीकडच्या रस्त्याच्या बाहेरच्या कडेने पळावं म्हटलं, तर पेट्रोल पंपाचा वळसा वाचवायला रॉंग साइडने येणाऱ्या मोटारसायकली त्याच कडेने पाठीमागून येतात, निम्म्यांचा लाइट बंद. माझं म्हणणं, चौपदरीवर कुठल्याच बाजूने पळू नका. नकाणे तलावाकडे जा, सर्व्हिस रोड धरा, काहीही करा.

भरती_अमळनेर
काका, बोलणं सोपं आहे. पोलीस भरतीत 1600 मीटरला 20 मार्क, आणि ते लागोपाठ पळावं लागतं. गावातल्या शाळेच्या मैदानात चार पावलं टाकली की वळण. पाटाच्या रस्त्याने पळा म्हणतात, तिथे पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात ढेकळं, अंधारात साप. पाय मुरगळला की गेली भरती. उशिरा पळावं तर मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला जातो, आठ वाजताच डांबर तापतं. म्हणून अंधार आणि डांबर, दोन्ही नशिबात. बाजू कुठलीही सांगा, पण रोड सोडा म्हणू नका.

शहाद्याची_लेक
सगळे दादालोक बाजूवर भांडताय, म्हणून लिहिते. आम्हा मुलींना 800 मीटर असतं. गाड्यांपेक्षा सुनसान रस्त्याची भीती जास्त, त्यामुळे पाटाचा रस्ता आमच्या यादीतच नाही. पप्पा मोटारसायकल घेऊन मागे असतात, लाइट चालू ठेवून. आता पप्पांनी गाडी उजवीकडून हाकायची का? आम्ही डावीकडूनच पळतो आणि तेच बरं पडतं. मागच्याला आधी त्यांचा लाल दिवा दिसतो, मग मी.

तापीकाठ
ताई, तुझ्या बाबतीत डावीच बरोबर, पण पप्पांच्या पाठीवर रेडियमची पट्टी हवी. मी म्हणतो ते एकट्या-दुकट्या पळणाऱ्याचं.

पिकअपवाला_रावेर
तुम्ही सगळे पळणारे. स्टिअरिंगवर बसून बघा. समोरच्याने अप्पर मारला की दोन-तीन सेकंद नुसता पांढरा पडदा. त्या वेळी साइडपट्टीवर माणूस आहे की दगड, देव जाणे. तुम्ही माझ्याकडे तोंड करून आहात की पाठ, मला काय घेणं? मला चमकलेलं दिसतं. तेही छातीवरचं नाही, पायातलं. घोट्याला रेडियम असलं की ते वर-खाली होतं, लांबूनच कळतं हा माणूस आहे. कडेच्या खांबावरचं रेडियम जागचं हलत नाही. पोरं दोन-दोन हजारांचे बूट घेतात आणि पट्टी लावत नाहीत, काबर?

भरती_अमळनेर
मिळते कुठे ती?

पिकअपवाला_रावेर
नंबरप्लेटवाल्याकडे. ट्रॉलीला लावतात तीच. पण बुटाला नुसती चिकटवू नको, घामाने-दवाने निघते. मोच्याकडून शिवून घे.

लळिंगवाला
रेडियम आपल्या अंगावर येणाऱ्या लाइटने चमकतं. बिनलाइटच्या मोटारसायकलवाल्याला ते दिसणार कसं? डोक्याला छोटी बॅटरी लावा.

भुसावळकर
चौघे असाल तर गाडी आली की एकामागे एक व्हा, निम्मी भानगड तिथेच मिटते. गप्पा मारायच्या म्हणून शेजारी-शेजारी पळता आणि मग रोडला शिव्या.
बाजूचं म्हणाल तर मी तापीकाठबरोबर, पण आंधळ्या वळणावर नाही. उजवीकडे वळणारं वळण असेल आणि कडेला केळीचा बाग किंवा झाडी असेल, तर आतल्या कडेने येणारी गाडी अंगावर आल्याशिवाय दिसत नाही. तिथे आधीच दोन्हीकडे बघून डावीकडे जायचं, वळण संपलं की परत यायचं. नाल्यावरच्या अरुंद मोरीचंही तेच. तिथे साइडपट्टीच नसते, गाडी आणि कठडा यांच्यात माणूस मावत नाही. अलीकडे थांबा, गाडी जाऊ द्या, मग पळा.

भरती_अमळनेर
थांबलो की टायमिंग बिघडतं ना काका.

भुसावळकर
मग टायमिंग लावायचंच असेल तर मोरी नसलेला तुकडा शोध. 1600 मीटर सरळ रोड तुमच्या तालुक्यात सापडत नाही का?

लळिंगवाला
आणि तो सापडला की तिथेच गाड्या 100 ने पळतात. मी अजून माझ्याच मतावर आहे, मैदान मागा.