एडिनबरात किल्ट नेसलेले कोणी आहेत का इथे?

गवतीचहा

माळा आवरताना जुन्या बॅगेच्या तळाशी एक मोजा सापडला. एकच. गुडघ्यापर्यंतचा, जाड लोकरीचा, दुधी रंगाचा. बायको म्हणाली टाकून द्या. मी म्हटलं, अगं हा एडिनबराचा! ह्याच्यापायी अनामत रकमेतले पैसे कापले होते आपले.

२०१७ चा ऑगस्ट. लेक तिकडे शिकायला होती, आम्ही दोघं तिला भेटायला गेलेलो. फ्रिंज हा नाटकांचा महोत्सव चालू, गावात पाय ठेवायला जागा नाही. लेक म्हणाली, बाबा, एकदा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो निऱ्यांचा चौकटीचा घागरा, घालायचाच. तिकडे भाड्याने मिळतो, अख्खा संच. किल्ट, जाकीट, पुढे लटकवायची ती चामडी बटवी म्हणजे स्पोरन, मोजे, लांब लेसचे बूट, सगळं.

दुकानातल्या आजोबांनी टेप लावली ती बेंबीच्याही वर. मी आपला पँटच्या पट्ट्याच्या जागी बोट दाखवतोय, ते मान हलवतायत. त्यांचं बोलणं मला दहातलं दोन कळत होतं. त्यात क्लॅन, म्हणजे कूळ, कुठलं विचारतायत हे कळलं. म्हटलं, भोर. ते जरा थांबले, मग म्हणाले, ब्लॅक वॉचच्या चौकटीचं घ्या, ते कुणालाही चालतं.

दुकानात त्यांनीच घालून दाखवला, सगळं व्यवस्थित. घोळ दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीवर झाला. लेक कॉलेजात, आम्ही दोघंच. बायको म्हणाली, निऱ्या पुढे येतात, मला शिकवू नका, तीस वर्षं नेसतेय. झालं. तिनेच सारख्या करून दिल्या आणि निघालो रॉयल माइलवर. किल्ल्यापासून सेंट जाइल्सपर्यंत आलो आणि बटवी त्या निऱ्यांवर अशी टुणटुण उडतेय की प्रत्येक पावलाला ठोका. चर्चसमोर बाकावर एक म्हातारी बसली होती. तिने हाक मारली, काहीतरी बोलली, मला कळेना. शेवटी तिने नुसतं बोट हवेत गोल फिरवलं.

त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी अरुंद बोळ आहेत, क्लोज म्हणतात. त्यातल्या एकात शिरलो. बायकोने रेनकोट पडद्यासारखा धरला, मी बकलं सोडली आणि अख्खा किल्ट अर्धा फेरा फिरवला. बाहेर आलो तर म्हातारीने टाळ्या वाजवल्या. बायको अजूनही म्हणते की निऱ्या पुढेच छान दिसत होत्या.

तर येऊ द्या तुमचे किस्से. मी मोजा भिजत घालतो.

साडेमाडे

नेसला की घातला, आधी ते ठरवा. बकलं आहेत म्हणजे घातला.

गवतीचहा

बायको पुढे बसून निऱ्या धरत होती. नेसलाच.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडं पंचेचाळीस डिग्रीत लुंगीवर चौकात गेलं तर लोक म्हनते काहून बे, पँट नाही का तुह्याकडं. अन् तिकडं बारा डिग्रीत उघड्या टोंगळ्यानं फिरलं तर परंपरा. वा रे वा.

खिडकीतली_मांजर

😂😂 भाजी फोडणीला टाकून लिहितेय, चुका समजून घ्या.

आमचे हे भाड्याच्या भानगडीत पडले नाहीत, रस्त्यावरच्या दुकानातून स्वस्तातला विकतच घेतला. म्हणे आयुष्यभर राहील. ३१ डिसेंबर, हॉगमनीची रात्र. कापड अ‍ॅक्रिलिकचं, ओढणीइतकं हलकं. नॉर्थ ब्रिजवर पोचलो आणि वारा सुटला. तो पूल म्हणजे वाऱ्याचं माहेर आहे. पुढून धरला की मागून वर, मागून धरला की पुढून. शेवटी मी मागे आणि दीर पुढे, मध्ये हे, अशी आमची पालखी पूल ओलांडून गेली.

बारा वाजता फटाके उडाले तसा ह्यांनी घरी व्हिडिओ कॉल लावला. इथे पहाटेचे साडेपाच, सासूबाई नुकत्या उठून चहा ठेवत होत्या. त्यांनी चष्मा लावून नीट बघितलं आणि विचारलं, "अरे, परकर कुणाचा घातलायस? सुनबाईंचा का?"

तो किल्ट आता गच्चीवरच्या तुळशीला उन्हाळ्यात आडोसा म्हणून लावतो.

धागादोरा

मांजरताई, अ‍ॅक्रिलिकचा उडणारच. खरा लोकरीचा उडत नाही, कापडालाच वजन असतं. तेरा औंस, सोळा औंस अशा वजनावर विकतात. आणि पूर्ण किल्टला आठ यार्ड कापड जातं, बहुतेक सगळं मागच्या निऱ्यांमध्ये. त्या निऱ्या कंबरेपासून खाली ठरावीक उंचीपर्यंत हाताने टाचलेल्या असतात. बसताना मागून हात फिरवून त्या खाली सारख्या करून बसायचं, नाहीतर इस्त्रीची वाट लागते. मी पहिल्यांदा धपकन बसलो, थंडगार दगडी बाकावर. पुढचं लिहीत नाही.

लिंबूटिंबू

आठ यार्ड म्हणजे आठ वार!! आठवारी!!!

खिडकीतली_मांजर

आठवारी 😂 आणि कासोटा नाही, म्हणून तर वारा लागतो.

साडेमाडे

मी माझे शब्द मागे घेतो. नेसला.

जुनेपुराणे

साडेमाडे, मागे घेतलेत ते बरंच केलंत. मूळचा किल्ट शिवलेला नसायचाच. लांबलचक लोकरी कापड. जमिनीवर पट्टा पसरायचा, त्यावर कापड, त्याला हाताने निऱ्या घालायच्या, मग स्वतः त्यावर आडवं पडायचं, पट्टा आवळायचा आणि उठायचं. कंबरेच्या वर उरलेलं कापड खांद्यावर टाकायचं, थंडी वाजली की डोक्यावरून घ्यायचं, रात्री तेच पांघरूण. घोंगडं आणि धोतर एकातच. खालचा अर्धा भाग सुटा करून वापरणं अठराव्या शतकातलं.

आणि एडिनबरात किल्ट हीच मुळात गंमत आहे. हा पोशाख हायलंडचा, डोंगरातला. एडिनबरा पडलं लोलंडमध्ये, खालच्या सखल भागात. तिथल्या बड्या मंडळींना डोंगरातली माणसं म्हणजे लुटारूच वाटत. १७४६ ला कलोडेनच्या लढाईत राजाविरुद्धचं बंड मोडलं, त्यानंतर हायलंडच्या पुरुषांना ह्या पोशाखाची बंदीच झाली. फक्त पलटणीतल्यांना सूट. १७८२ ला बंदी उठली. मग १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिनबराला आला, त्याच्या स्वागताची सगळी आखणी कादंबरीकार वॉल्टर स्कॉटची. राजासाहेब किल्टमध्ये, खाली गुलाबी तंग तुमान. ज्यांनी कालपर्यंत नाकं मुरडली ते सगळे लोलंडवाले शिंप्याच्या दारात रांगेत. म्हणजे चार दिवस गावात येऊन किल्ट मिरवून जाणारा पहिला मोठा पर्यटक हाच. गवतीचहा, तुम्ही राजाच्या परंपरेतले आहात.

अजून बरंच आहे, कुठल्या कुळाचं टार्टन, म्हणजे चौकटीचं कापड, कधी ठरलं वगैरे

लिंबूटिंबू

काका, जेवून घ्या आधी 🙏

पायरीवरचा

त्याच वॉल्टर स्कॉटच्या स्मारकाला २८७ पायऱ्या आहेत. गोल जिना, अरुंद, वर तर माणूस तिरका होऊन जातो. मी किल्टमध्ये चढलो. माझ्या मागे शाळेची सहल होती. एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा

पण मुख्य प्रश्न कोनीच विचारून नाही राहिलं. आतमदी काय?

धागादोरा

भाड्याच्या किल्टखाली चड्डी घालणं हा परंपरेचा नाही, नागरिकशास्त्राचा विषय आहे.

पायरीवरचा

सायकलिंगची चड्डी होती हो. काळी. सहलीसाठी सांगून ठेवतो.

भोकरदनचा

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. पण हे लिहावंसं वाटलं.

आम्ही मित्रमित्र होतो, सगळ्यांनी किल्ट घेतलेले, दंगा चालू. दुपारी एकची तोफ बघायला किल्ल्यावर गेलो. रविवार सोडून रोज उडते. उडाली तेव्हा मी दोन्ही हातांनी किल्ट घट्ट धरला, का ते माहीत नाही, फोटोत तसाच आलोय. नंतर कठड्याशी टेकलो होतो तर एक गृहस्थ शेजारी आले. ऐंशीच्या आसपासचे, टापटीप. कुठून आलात? म्हटलं इंडिया. इंडियात कुठे? मुंबई म्हणायची सवय असते, पण त्या दिवशी म्हटलं, जालना. अर्थातच माहीत नव्हतं. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, म्हटलं, असई.

माणूस सरळ उभा राहिला. त्यांचे आजोबा हायलंड लाइट इन्फंट्रीत होते. टोपीच्या बिल्ल्यावर हत्ती आणि असईचं नाव. लहानपणी तो बिल्ला खेळायला मिळायचा, म्हणाले. हत्ती कुठला ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गावाहून असई म्हणजे बाजाराला जाण्याइतकं अंतर. २३ सप्टेंबर १८०३. असईची लढाई. शिंदे-भोसल्यांचं सैन्य एकीकडे, इंग्रजांचा सेनापती वेलस्ली एकीकडे, आणि त्याच्याबरोबर ७४ आणि ७८ नंबरच्या हायलंडर पलटणी. ७४ ची तर आमच्या तोफांपुढे धूळधाण झाली. शाळेत आम्हाला नदीकाठी नेऊन सांगायचे, इथून ते आले. मी त्यांना सांगितलं, तो हत्ती आमच्याकडचा. ते हसले, हात मिळवला, आणि माझा पट्टा तिरका झाला होता तो त्यांनी नीट करून दिला.

मित्र हाका मारत होते. पण मला नंतर त्या किल्टमध्ये जरा चमत्कारिकच वाटत राहिलं. चांगलं की वाईट ते नाही सांगता येत. संध्याकाळी परत करून आलो.

खिडकीतली_मांजर

दादा, लिहीत जा हो. काटा आला.

गवतीचहा

भोकरदनचे, मी धागा कशासाठी काढला आणि काय मिळालं. आमच्या ओळखीत असईचे पाहुणे आहेत, पुढच्या वेळी मुद्दाम जाणार.

जुनेपुराणे

जेवून आलो. भोकरदनचे, नदी केळणा ना? आणि पलीकडे जुई.

भोकरदनचा

हो काका. दोन्हींच्या मध्येच लढाई. पाणी आता पावसाळ्यापुरतं.

डब्बाबाटली

मोज्यात खोचायचा तो छोटा सुरा, स्कीअन डू. तिकडे पोशाखाबरोबर चालतो, कायद्यात सूट आहे. मी आठवण म्हणून विकत घेतला आणि हातातल्या बॅगेत टाकला. विमानतळावर तपासणीला सूट नाही. त्या बाईने सुरा वर धरून रांगेतल्या सगळ्यांना दिसेल असा फिरवला. बायको अनोळखी असल्यासारखी पुढे निघून गेली. चेक-इनच्या बॅगेत टाका रे बाबांनो.

लिंबूटिंबू

कुणी तिकडे शाकाहारी आहे का? नवरा म्हणतो हॅगिस खायचंच. ते मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं असतं हे वाचलं आणि पाणी प्यायले.

धागादोरा

व्हेज हॅगिस सर्रास मिळतं. ओट, डाळी, भाज्या, मिरपूड. सोबत बटाटा आणि सलगमचा लगदा. थोडं तिखट घेऊन जा, आपल्या खिचडीच्या लांबच्या बहिणीसारखं लागतं.

साडेमाडे

खिचडीची बदनामी थांबवा.

वऱ्हाडी_ठेचा

ठेचा नेऊन जा, सगळं खपते.

लिंबूटिंबू

मे मध्ये जातोय. जाकीट लागेल ना?

खिडकीतली_मांजर

लागेल. छत्री नको नेऊस, उलटी होते. टोपीवाला रेनकोट घे, पडदा म्हणूनही उपयोगी पडतो, वर वाचलंस ना 😂

पायरीवरचा

गवतीचहा, मोज्याचं काय केलंत शेवटी?

गवतीचहा

वाळला. बायकोने गरम पाण्याच्या पिशवीला चढवून बघितला, बरोब्बर बसला. रोज रात्री गुडघ्याला लावतोय.

साडेमाडे

कुठल्या?

गवतीचहा

डाव्या. दुसऱ्या मोज्याचे पैसे भरले असते तर उजव्याचीही सोय झाली असती.