दुःखात बुडालेल्या माणसाला ‘आशा ठेवा’ असे सांगावे का?

घोडबंदरकर:
आमच्या संकुलातील एका शेजाऱ्यांच्या पत्नीचे गेल्या पावसाळ्यात निधन झाले आणि दिवाळीच्या आधी त्यांची नोकरीही गेली. भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यांना ‘सकारात्मक राहा, मुलीकडे बघून उभे राहा’ असे ऐकवून जातो. माझ्या मते हे वाक्य उच्चारून आपण स्वतःची अस्वस्थता मिटवतो आणि त्यांच्यावर आणखी एक काम लादतो, ते म्हणजे लोकांसमोर सावरलेले दिसण्याचे. त्यांना प्रत्यक्षात मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती हव्या होत्या, सदनिकेवरील नाव बदलण्यासाठी सोसायटीकडे अर्ज करायचा होता, गृहकर्जाच्या हप्त्यांना मुदत मिळेल का हे बँकेत विचारायचे होते आणि मुलीला शाळेतून आणायला कोणीतरी हवे होते. धीर द्यायला आलेल्यांपैकी एकानेही यातले काही अंगावर घेतले नाही.

उद्याचे एखादे काम हातावेगळे होईल असे दिसू लागले की माणसाला आशा वाटू लागते. ती कोणी सांगितली म्हणून वाटत नाही. म्हणून हा उपदेश सरळ बंद करावा, असे मी म्हणतो. विरोधी मतेही अवश्य मांडावीत.

नौपाडावासी:
आपला राग समजला, निष्कर्ष मात्र पटला नाही. माझे यजमान एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. अंत्यविधीला वीसपेक्षा अधिक माणसांना परवानगी नव्हती आणि आमच्याकडे तर तेवढीही येऊ शकली नाहीत. पोकळ का होईना, पण समोर बसून धीर देणारे माणूस नसणे म्हणजे काय, ते मी अनुभवले आहे. माझ्या मोठ्या जाऊबाई रोज सकाळी फोन करीत, चहा घेतलास का असे विचारीत आणि फोन ठेवताना ‘हेही दिवस जातील’ असे म्हणत. त्या वाक्यावर माझा विश्वास नव्हता, परंतु त्यांचा होता, आणि कित्येक महिने मी त्यांच्या विश्वासावर दिवस काढले. आशा उसनी घेता येते, एवढेच मला सांगायचे आहे.

शिवाय आपल्या रीतींचा विचार करा. तेराव्याला घरच्यांना गोडाचे जेवण वाढले जाते, तेव्हा तुम्हाला गोड खावेसे वाटते का, असे कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी सण करीत नाहीत आणि वर्षश्राद्ध झाल्यावर वडीलधारी मंडळीच ‘आता दारात आकाशकंदील लावा’ असे सांगतात. यात थोडी जबरदस्ती आहे हे मान्य; पण ती नसती तर आमच्या दारात कंदील कधी लागला असता, कोण जाणे. (या रीतींत विधवांच्या वाट्याला जे अपमान येतात त्यांचे समर्थन मी करीत नाही, तो विषय स्वतंत्र आहे.)

वाशी_समुपदेशक:
आपण दोघेही असे धरून चालला आहात की आधी शोक पुरा होतो आणि मग आशा येते. वाद केवळ मधले अंतर कोणी कमी करावे याचा आहे. या समजाला शोकाच्या ‘पाच टप्प्यां’नी (नाकारणे, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार) बळ दिले. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले, ते स्वतः मृत्यूच्या छायेत असलेल्या रुग्णांशी बोलून. पुढे ते मागे राहिलेल्यांना लावले गेले आणि लोक ‘मी अजून तिसऱ्याच टप्प्यावर का’ अशी चिंता करू लागले. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेले प्रारूप मला अधिक खरे वाटते. त्यानुसार शोकग्रस्त माणूस दोन बाजूंमध्ये सतत ये-जा करतो: कधी गेलेल्याच्या आठवणीत, तर कधी बदललेल्या आयुष्याच्या व्यवहारात. सकाळी बँकेत नीट बोललेला माणूस संध्याकाळी कपाट उघडून रडला, तर तो मागे गेला असे समजू नये. म्हणून ‘आशा ठेवा’ हे वाक्य एका वेळी आधार देते आणि दुसऱ्या वेळी जखम करते.

एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. दीर्घकाळ टिकणारा आणि दैनंदिन जीवन ठप्प करणारा शोक आता उपचारयोग्य विकार मानला जातो. मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांची अट आहे. परंतु जगणे नको असे कोणी बोलू लागले, तर महिने मोजत बसू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे, आणि ठाण्यात आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून काम करीत आहे.

वागळे_इस्टेट:
ये-जा करायला सवड लागते. माझे वडील कंपनीत नोकरीवर असतानाच गेले. त्यानंतर आमच्या घरात शोक करायला कोणाला फुरसतच नव्हती, कारण भाडे आणि धाकट्या भावाची फी थांबत नव्हती. सांत्वनाला चाळभर लोक आले. भविष्य निर्वाह निधीचा सभासद नोकरीत असताना दगावल्यास त्याच्याशी जोडलेल्या विम्यातून वारसांना सात लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळू शकते, त्यासाठी कामगाराच्या पगारातून वेगळा हप्ता कापला जात नाही, आणि कुटुंबाला निवृत्तिवेतनही मिळते, हे आईला त्यांच्यापैकी कोणी सांगितले नाही. ते कळले एका निवृत्त कारकुनाकडून, फार उशिरा. त्यांनी आशेचा शब्दही काढला नाही, फक्त अर्ज भरून दिला. ज्यांचा पगार चालू आहे त्यांनी मनाच्या अवस्थांवर खुशाल चर्चा करावी. माझे मत घोडबंदरकरांच्या बाजूने आहे.

वाशी_समुपदेशक:
पैशाची विवंचना मी गौण मानलेली नाही; बदललेल्या आयुष्याचे व्यवहार म्हणजे हेच. मात्र अर्ज मंजूर झाल्यावर, धावपळ संपल्यावर कोसळणारी माणसे मी नेहमी पाहतो. आपल्या आईंची विचारपूस आता कोणी करते का?

घोडबंदरकर:
नौपाडावासी, जाऊबाईंचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्यांनी रोज फोन केला, म्हणजे एक काम नेमाने अंगावर घेतले. माझा आक्षेप एकदा येऊन वाक्य टाकून जाणाऱ्यांना आहे.

नौपाडावासी:
क्षमा असावी, पण जाऊबाई साताऱ्याला होत्या. दाखला, बँक, रेशनकार्डावरचे नाव, सगळे मी एकटीने केले. त्यांच्याकडून मला मिळाले ते फक्त बोलणे, तेव्हा त्या बोलण्याची किंमत मला ठरवू द्या. आपण शेजाऱ्यांच्या वतीने रागावला आहात, परंतु ‘मुलीकडे बघा’ हे त्यांना स्वतःला खुपते का, हे आपण त्यांना विचारल्याचे कुठे दिसले नाही.