दिवाळी अंकाची कथा हातातून सुटत नाही

प्रश्न : मी दिवाळी अंकांसाठी कथा लिहिते. कथा पूर्ण होते; परंतु पाठवण्याची वेळ आली की पहिलाच परिच्छेद खोटा वाटू लागतो आणि शेवट बदलता बदलता संपादकांची मुदत उलटून जाते. त्यातच मानपत्र, लग्नपत्रिकेचा मजकूर, सत्काराचे निवेदन अशी कामे ‘तुला काय, दोन ओळी तर खरडायच्या’ असे म्हणत नातेवाईक सोपवतात. नाही कसे म्हणावे?

पहिले उत्तर : ताई, शंका एखाद्या ठरावीक वाक्यावर बोट ठेवत असेल तर ती जरूर ऐकावी, मात्र ‘मला लिहिताच येत नाही’ एवढेच ती म्हणत असेल, तर तिच्या सांगण्यावरून मसुद्याला हात लावू नये. कथा एकदा मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते, तेवढेच दुरुस्त करा.

दुसरे उत्तर : १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून मराठी कथेला या अंकांनी हक्काची जागा दिली आहे, आणि ती मुदतीसकटच मिळते. मला तर मुदत हा लेखकाचा आधार वाटतो.

तिसरे उत्तर : मानपत्रांविषयी लिहितो. कारणे देत बसू नका, कारण प्रत्येक कारणावर आत्याबाईंकडे तोडगा तयार असतो. ‘कथा पाठवेपर्यंत दुसरे काही हाती घेत नाही, नंतर अवश्य विचारा’ एवढेच नम्रपणे सांगा. त्या दोन-चार दिवस रुसतील, रुसू द्यावे.