मदत हवी आहे: बी.ए.नंतर जेरोंटॉलॉजी शिकावं का? सोलापुरात त्याचं पुढे काय होतं?

शेंगाचटणी

मंडळी नमस्कार. मी सोलापूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. परीक्षेनंतर पुढे काय, यावर घरात रोज संध्याकाळी बैठक भरते. बाबा म्हणायलेत बी.एड. कर, मामा म्हणतोय तलाठीचा फॉर्म भर. मला जेरोंटॉलॉजी, म्हणजे वृद्धत्वाचा अभ्यास करायचाय. बाबांचं त्यावर एकच वाक्य: "म्हाताऱ्यांची सेवा करायला डिग्री कशाला लागते?"

हे डोक्यात कुठून आलं ते सांगते. आजीनं जन्मभर विड्या वळल्या. तिला ईपीएसची, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन आहे, हजार रुपयांची. दरवर्षी हयातीचा दाखला काढायला तिला मीच नेते. मशीनवर अंगठा ठेवला की लाल दिवा. पानं कापून आणि दोरा गुंडाळून बोटांवरच्या रेघाच गेल्यात. "आजी, बोट पुसून परत ठेवा" असं तो पोरगा सांगतो, ती पदराला पुसते, परत लाल. यंदा मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं, तेही मी आधी वाचून गेले होते म्हणून. मागं रांगेतल्या बायका मग माझ्याभोवतीच जमल्या. एकीच्या पिशवीत तीन डॉक्टरांच्या गोळ्या, त्यातल्या दोन पाकिटांत औषध एकच, कंपनी वेगळी. एकीला ऐकू येत नव्हतं आणि घरचे म्हणत होते तिला वेड लागलंय.

तर प्रश्न असे. हा कोर्स महाराष्ट्रात कुठे आहे? नुसत्या त्यावर नोकरी लागते का? आणि सोलापूर सोडायचं नसेल तर काही मार्ग आहे का? आई एकटी पडेल म्हणून विचारते. कृपया "आवड असेल तर कर" असं सांगू नका, ते ऐकून झालंय.

भुईकोट

आवड असेल तर कर. (गंमत केली.)

खरं सांगू का, सोलापुरातली अर्धी पोरं पुण्याला गेलीत आणि आईबाप इथं. गिऱ्हाईक भरपूर आहे, पण पैसे देणारं गिऱ्हाईक आहे का ते आधी बघ. इथं कामवाली मावशीच केअरटेकर असते.

हुतात्मा_एक्सप्रेस

मी मूळची सोलापूरची. पुण्यात स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या डे केअर सेंटरला समाजकार्यकर्ती म्हणून काम करते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, जेरोंटॉलॉजी आणि जेरियाट्रिक्स यांत गल्लत करू नकोस. जेरियाट्रिक्स ही डॉक्टरांची शाखा. इग्नूचा जेरियाट्रिक मेडिसिनचा पदव्युत्तर डिप्लोमा नेटवर दिसेल, पण तो एमबीबीएस झालेल्यांसाठी आहे, त्यात अडकू नकोस. जेरोंटॉलॉजीत शरीर येतं, तसं मन, घर, पैसा, कायदा, घराचे जिने आणि बाथरूमसुद्धा येतं.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. आपल्याकडे "जेरोंटॉलॉजिस्ट पाहिजे" अशी जाहिरात क्वचितच येते. जाहिरात येते ती समाजकार्यकर्ता, समुपदेशक, फिजिओ, नर्स, सेंटर मॅनेजर अशी. त्यामुळे आधी पाया असलेली पदवी घे आणि वरून वृद्धत्वाचं शिक्षण जोड. उलटं केलंस तर मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "मग तुम्ही नक्की करता काय?"

तुझ्यासाठी मला एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) किंवा समुपदेशनाचं एम.ए. बरोबर वाटतं. एमएसडब्ल्यू सोलापुरात वालचंद कॉलेजला आहे. टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) करायचं असेल तर एम.ए.चे प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतात. टिसचा एक कॅम्पस तुळजापूरलाच आहे, तिथला भर ग्रामीण विकासावर आहे. मुंबईच्या टिसचा जेरोंटॉलॉजीचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे, पण यंदा प्रवेश आहेत का ते त्यांच्या साइटवर बघूनच पुढचं ठरव. दिल्लीत केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाखाली राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था आहे, तिचा एक वर्षाचा वृद्ध-देखभालीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. पुण्यात इंटरनॅशनल लाँजेव्हिटी सेंटरची भारतातली शाखा याच विषयावर काम करते, त्यांचे अभ्यासक्रमही चौकशी करण्यासारखे आहेत.

आकडेमोड आवडत असेल तर मुंबईत देवनारची आयआयपीएस, म्हणजे लोकसंख्येचा अभ्यास करणारी संस्था. ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी त्यांनीच केली, लासी म्हणतात तिला, पहिली फेरी २०१७-१८ ची. अशा पाहण्यांना घरोघरी जाऊन माहिती घेणारेही लागतात आणि ती तपासणारेही.

सावध_पालक

ताई, भावनेच्या भरात निर्णय नको. माझ्या भाचीनं एमएसडब्ल्यू केलं. कामावर घेणाऱ्या संस्थेचा प्रकल्प संपला की पगार संपतो. बी.एड. करून ठेवलं तर कुठं तरी चिकटता येतं. वडील काही शत्रू नाहीत.

गुडघेदुखी_ओपीडी

सावध_पालक, शिक्षकभरतीची वाट बघणाऱ्या बी.एड.वाल्यांचा वेगळा धागा काढावा लागेल, तो विषय इथं नको.

मी फिजिओ आहे. शेंगाचटणी, तुझ्या वडिलांना उत्तर देता येईल अशी एक गोष्ट सांगतो. आजीला साध्या खुर्चीत बसव. समोर तीन मीटरवर खडूनं रेघ मार. "उठा, रेघेपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा" असं सांग आणि घड्याळ लाव. नेहमीची चप्पल आणि काठी चालेल, पण हात धरायचा नाही, नुसतं बाजूला उभं राहायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरतात. सेकंदांइतकंच बाकीचंही बघायचं असतं: उठताना हातांनी रेटा दिला का, वळताना भिंत शोधली का, पावलं फरफटली का. हे बघायला एमआरआय लागत नाही, शिकलेली नजर लागते. खुब्याचं हाड मोडल्यावर जी सेवा करावी लागते ती टाळायची कशी, ते या शिक्षणात येतं.

निवृत्त_लेखापाल

बाळ, माझं वय ७४. जुळे सोलापुरात राहतो. दोन्ही मुलं बाहेर.

सरकारी बाजू मी लिहितो. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा वाच. मुलगा बघत नसेल तर प्रांताच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. घर मुलाच्या नावावर "सांभाळीन" या अटीवर केलं आणि त्यानं सांभाळलं नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. हे आमच्या कट्ट्यावर निम्म्यांना माहीत नाही. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार, १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन, हे सगळं समजावून सांगणारं माणूस नसतं. पण समजावून सांगणाऱ्याला पगार कोण देणार, हा भुईकोट यांचा मुद्दा मात्र खरा आहे.

कायगो_मंगेश

कुणी जपानचं बोललंच नाही! वृद्धांच्या देखभालीला तिकडं कायगो म्हणतात. २०१९ पासून जपाननं कुशल कामगारांसाठी वेगळा व्हिसा काढला, त्यात हे कामही येतं, भारताशी करार जानेवारी २०२१ चा. जपानी भाषेची आणि कामाची परीक्षा द्यावी लागते, पदवीची अट नाही. सुरुवातीला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, तिथली राष्ट्रीय कायगो परीक्षा पास झालात की पुढचा रस्ता उघडतो. काम मात्र अंगमेहनतीचं आहे, उचलणं, आंघोळ, डायपर. एजंटला पैसे भरण्याआधी दहा वेळा विचार करा.

हुतात्मा_एक्सप्रेस

मंगेश, माहिती चांगली, पण तिला सोलापूरसुद्धा सोडायचं नाहीये आणि तुम्ही टोकियोला पाठवताय.

शेंगाचटणी, एक राहिलं. तुला भाषा किती येतात? आमच्याकडे विजयपूरकडचे एक आजोबा येतात, बँकेत होते, आयुष्यभर मराठी-इंग्रजी बोलले. आजार वाढला तसं मराठी मागं पडलं, आता फक्त कन्नड. कर्मचारी म्हणायचे हट्टी आहेत, जेवत नाहीत. मी "ऊटा माडरी" (जेवा) म्हटलं, ताट पुढं ओढलं त्यांनी. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा लहानपणची भाषा शेवटपर्यंत टिकते. सोलापुरात वाढलेल्या पोरीला मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी कानावरून येते, ते बायोडेटात वरच्या ओळीत लिही. पुणे, बंगळूर, हैदराबाद तिन्हीकडे चालेल.

शेंगाचटणी

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, त्यामुळे चारही येतात. बायोडेटात लिहायची गोष्ट आहे हे माहीतच नव्हतं.

आजीची चाचणी केली. उठताना दोन्ही हातांनी रेटा दिला आणि वळताना कपाट धरलं. बाबा घड्याळ बघत होते, ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी न्हाणीत दांडी बसवायला माणूस आणला. बी.एड.चं बोलणं अजून चालूच आहे म्हणा.

सध्या वालचंदच्या एमएसडब्ल्यूची चौकशी करते आणि सीयूईटीचाही फॉर्म भरते. शेवटची शंका: एमएसडब्ल्यूला फील्डवर्क असतं ना, तिथं ज्येष्ठांचं काम मागून घेता येतं का? की देतील तेच?

हुतात्मा_एक्सप्रेस

मागून घ्यायचं. पण नुसतं "आवड आहे" म्हणून विभागाकडे जाऊ नकोस, ठिकाण आणि काम लिहून ने. उदाहरणार्थ, विडी घरकुलमधल्या पेन्शनवाल्या बायका: कुणाचे दाखले अडकलेत, कुणाला ऐकू येत नाही, कोण पडून बसलंय, याची घरोघर नोंद. किंवा सिव्हिलमध्ये जाऊन विचार. ज्येष्ठांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा पातळीवर दहा खाटांचा वॉर्ड आणि फिजिओ धरलेला आहे, तो इथं कसा चालतो ते बघ. लहान प्रबंध त्यातूनच निघेल, आणि नोकरीच्या मुलाखतीत लोक त्याबद्दलच विचारतात.

निवृत्त_लेखापाल

आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातही ये. सव्वाशे सभासद आहेत, प्रत्येकाला किमान एक दुखणं आणि दोन तक्रारी आहेत. तुझी ती खुर्चीची चाचणी सगळ्यांची कर, मी घड्याळ धरतो. फक्त दुपारी दोन ते चार येऊ नको, तेव्हा आख्खं सोलापूर झोपलेलं असतं.