मदत हवी आहे: ड्युएटमध्ये दोघांची पट्टी कशी जुळवायची?

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण एक मराठी डान्स-पॉप ड्युएट करतोय, वेग १२४ बीपीएम (मिनिटाला १२४ ठोके). माझी पट्टी (म्हणजे ज्या सुरावर ‘सा’ धरतो तो) काळी एक, तिची काळी चार, म्हणजे हार्मोनियमची पहिली आणि चौथी काळी. माझ्या पट्टीत ध्रुवपद घेतलं की तिचा आवाज खर्जात उतरतो आणि किक ड्रमच्या ठोक्याखाली पार दबतो. तिच्या पट्टीत माझा वरचा पंचम (‘प’) फाटतो. मधली पट्टी धरावी, की तिच्या अंतऱ्याला पट्टीच बदलावी?

ती नाशिकला, मी ठाण्यात, त्यामुळे रेकॉर्डिंगही वेगवेगळं. (१९७६ साली ‘डोन्ट गो ब्रेकिंग माय हार्ट’ या इंग्रजी ड्युएटसाठी गायक एल्टन जॉन टोरांटोत आणि गायिका किकी डी लंडनमध्ये गायले होते, त्याचा मोठा धीर वाटतो.)

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं प्रदर्शनाच्या किमान ७ दिवस आधी पाठवायचंय, म्हणून घाई आहे. अनुभवी संगीत संयोजकांनी कृपया सांगा.