खाणीतली आग आधी कुणाला कळते: खाणीत फिरून तपासणी करणाऱ्या सिरदाराच्या नाकाला की सेन्सरला?

ओव्हरमन अण्णा, जुळे सोलापूर
पुतण्याला चंद्रपूरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत नोकरी लागली. वहिनी रडवेल्या, तर हा म्हणतो, "आई, आता सगळीकडं सेन्सर असतात. वर बसून आकडे दिसतात." माझ्या घशात कडक भाकरीच अडकली. २९ वर्षं त्याच भागात खाली काढली मी, ओव्हरमन म्हणजे सिरदारांच्या वरचा देखरेख करणारा. एका रात्रपाळीत गोफ (कोळसा काढून झाल्यावर उरलेली पोकळी) बंद केलेल्या स्टॉपिंगच्या भिंतीला सहज हात लावला, तर कोमट, म्हणजे मागं उरलेला कोळसा आपोआप तापत होता. वर छताला घाम सुटलेला. सेन्सर शंभर पावलं पुढं टांगलेला, गप्प. माझं मत स्पष्ट आहे: यंत्र आलं आणि माणसानं फिरणं सोडलं.

इन्स्ट्रुमेंटवाली
अण्णा, रागावू नका. सेन्सर चुकीच्या जागी टांगला, यात सेन्सरचा काय दोष? छताला घाम, रॉकेलसारखा वास, ही लक्षणं कोळसा बराच तापल्यावरची. कार्बन मोनॉक्साइड त्याच्या कितीतरी आधी सुटतो, आणि त्याला वासच नसतो. मिथेनलाही नाही. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की स्फोट होऊ शकतो, म्हणून आपल्या नियमात १.२५ टक्क्यालाच वीज तोडायची. हा सव्वा टक्का कुणाच्या नाकाला कळणार?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
आमच्या गावाकडं जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायचे. विझला की कुणी उतरायचं नाही. ना बॅटरी, ना कॅलिब्रेशन!

इन्स्ट्रुमेंटवाली
कंदील ऑक्सिजन कमी झाल्याचं सांगतो दादा. जीव घेण्याइतका कार्बन मोनॉक्साइड असला तरी तो निवांत जळत राहील. आणि मिथेन असलेल्या खाणीत उघडा कंदील नेला, तर सांगायला कुणी उरायचं नाही.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
मान्य ओ. पण माझा खरा मुद्दा वेगळाच. मी पूर्वी ज्या कारखान्यात होतो, तिथं धुराचा डिटेक्टर कापसाच्या तुसानं दिवसातून चारदा बोंबलायचा. शेवटी पोरांनी त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली, वरून सुतळी. साहेबानं बघितली, काही बोलला नाही. खाणीत असं होत नसेल?

ओव्हरमन अण्णा
होतं की! सुरुंग उडवला की कार्बन मोनॉक्साइड चढतो, डिझेलची गाडी गेली की चढतो. दहा वेळा खोटा भोंगा वाजल्यावर अकराव्यांदा कोण उठतो?

इन्स्ट्रुमेंटवाली
इथं मात्र टॉवेलवाल्या दादांचं खरं आहे. म्हणून नुसत्या पीपीएमवर, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे किती भाग या आकड्यावर, जायचंच नसतं. पंख्यानं हवा दुप्पट सोडली की आकडा निम्मा होतो, आग तेवढीच! त्यासाठी ग्रॅहॅम गुणोत्तर काढतात: ऑक्सिजन जितका घटला, त्याच्या किती टक्के कार्बन मोनॉक्साइड तयार झाला. हवा वाढवली म्हणून हे फारसं बदलत नाही. साधारण ०.५ च्या आत असेल तर ठीक, १ च्या वर गेलं की कोळसा तापतोय, ३ च्या पुढं आग धरून चाला. तरी प्रत्येक खाणीचा रोजचा आकडा वेगळा. चढ कुठून सुरू झाला, ते बघायचं.

ओव्हरमन अण्णा
गुणोत्तर आम्हीही काढायचो बाई. पण बंद गोफाच्या मागचा नमुना घ्यायला बाटली घेऊन कोण जायचं? सिरदारच ना?

इन्स्ट्रुमेंटवाली
आता तिथं नळ्या टाकून ठेवतात. वरचा पंप हवा ओढतो, विश्लेषक वरच असतो, खाली वीज नको. नळी लांब असली की हवा वर यायला वेळ लागतो, हे कबूल.

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड
आणि नळी मधे फुटली तर?

इन्स्ट्रुमेंटवाली
तर मधलीच हवा ओढली जाते आणि आकडा खोटाच चांगला दिसतो. गळती तपासायला नळीच्या बाजूनं माणूस चालवावा लागतो.

ओव्हरमन अण्णा
मग मी सकाळपासून काय म्हणतोय?
असो. पोराला एवढंच सांगितलं: आठवडाभर प्रत्येक सेन्सर कुठं टांगलाय ते पायानं फिरून बघ, आणि सेल्फ रेस्क्यूअर (विषारी हवेतून बाहेर पडेपर्यंत श्वास घेऊ देणारा डबा) कमरेचा सोडू नको. त्यानं विचारलं, "काका, तो किती मिनिटं चालतो?" म्हटलं, ते पहिल्याच दिवशी तिथं विचार, आणि तेवढ्या वेळात बाहेरच्या हवेत पोचतोस का, ते एकदा चालून बघ.
वहिनींना मात्र अजून काही सांगितलेलं नाही.