गार्टर सापांना स्वभाव असतो, का आपणच तो चिकटवतो?

कर्वेनगरकर
माझा मावसभाऊ कॅनडात ओंटारिओला असतो, त्याच्याकडे दोन गार्टर साप आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा उत्तर अमेरिकेतला सडपातळ पट्टेरी साप, गांडुळं-मासे-बेडूक खातो, अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि तिकडे नवशिक्यांना बरेचदा हाच सुचवतात. तर ही दोन्ही एकाच आईची, एकाच वेळी जन्मलेली, खाणं तेच, खोली तीच. तरी नर पेटीचं झाकण उघडलं की जीभ लपलपवत पुढे येतो आणि मादी हात दिसला रे दिसला की अंगावर ती घाणेरड्या वासाची पिचकारी सोडते आणि पाण्याच्या भांड्यामागे पसार. माझं म्हणणं सरळ आहे, हा स्वभाव आहे. एक धीट, एक बुजरी. कुत्र्या-मांजरांत आपण हे मानतो मग सापाचं घोडं कुठे अडतं? इथे "साप म्हणजे नुसतं खाणं आणि पळणं" म्हणणारी मंडळी आहेत ते माहितीये, त्यांनी जरूर यावं.

वारज्याचा_सर्पमित्र
आलो. अहो एक नर एक मादी, इथेच तुमची तुलना गंडली ना. गार्टरमध्ये मादी नरापेक्षा चांगलीच मोठी होते, दोघांच्या गरजा वेगळ्या, आणि त्यात सापही दोनच, दोन सापांवरून कसला निष्कर्ष काढताय.
साप सोडवायला येतात त्या इतक्या कॉलमध्ये मला जो फरक दिसतो तो प्रजातीचा. सिंहगड रोडला नाल्यातून पाणदिवड काढायला गेलात तर मान चपटी करून अशी झेपावते की नवीन पोरगा हूक टाकून मागे सरकतो. आणि नानेटी, तीसुद्धा पट्टेवाली, हातात घेतली तरी सहसा चावायचं नाव नाही. दोघी गार्टरच्याच गोतावळ्यातल्या बरं का. म्हणजे जातीचा गुण म्हणा, मी मान्य करतो. पण "आमची ही जरा लाजाळू आहे हो" हे पेटीसमोर बसून केलेलं कौतुक आहे, दुसरं काही नाही.

जीवशास्त्रवाली
सर्पमित्र, प्रजातीचा गुण असतो म्हणून एकेकट्याचा नसतो हे कुठून काढलंत? यावर काम झालंय आणि नेमकं गार्टरवरच झालंय. कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातल्या मॉर्गन स्किनर आणि नोम मिलर यांचा अभ्यास आहे, २०२० चा. ईस्टर्न गार्टरची ४० पिल्लं, मोकळ्या जागेत लपायला ४ आडोसे, ८ दिवस कॅमेरा लावून ठेवला. दिवसातून दोनदा सगळ्यांना उचलायचं, जागा पुसून वास घालवायचा आणि परत भलत्याच ठिकाणी सोडायचं. तरी ती फिरून फिरून आपापल्या जुन्या टोळक्यात जाऊन बसत होती. शिवाय प्रत्येकाला एकेकटं तपासलं, आडोशातून बाहेर यायला कोण किती वेळ घेतो वगैरे, तर धीट ते पुन्हा तपासल्यावर धीटच आणि बुजरे ते बुजरेच. स्वभाव म्हणजे आणखी काय असतं, तोच प्राणी, वेगळी वेळ, वागणं तेच.
यातली मजा अशी की टोळक्यात गेल्यावर हा फरक पुसट व्हायचा, एकटा असताना बुजरा असलेला बाकीचे करतील तसंच करायचा. गणपतीच्या मिरवणुकीत एरवी तोंड न उघडणारा माणूस नाचतो तसं.

शंकेखोर
अभ्यास वाचलाय, चांगला आहे. पण एक, सगळी पिल्लं, मोठे साप नाहीत. दोन, ८ दिवस म्हणजे आयुष्य नव्हे, लहानपणी धीट तो पाच वर्षांनी धीट असेलच असं नाही. तीन, कर्वेनगरकरांच्या भावाच्या घरी कोणी काय मोजलंय?
सापाचं वागणं आधी अंगाच्या तापमानावर ठरतं. गार्टरला अंग २८-३० अंशांच्या आसपास लागतं. गरम असला की पळून जातो, गार असला की पळता येत नाही, मग आहे तिथेच थांबून अंगावर येतो, आणि आपण म्हणतो बघा किती चिडका. कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ होतात, नीट दिसत नाही, तेव्हा गरीब सापही बिथरतो. आणि उघडलं की जीभ लपलपवत येतो म्हणे, अहो झाकण उघडल्यावर गांडूळ मिळतं हे त्याला कळलंय, एवढंच. त्याला धीट म्हणा नाहीतर खादाड म्हणा.

पेठेतली_मांजर
यात प्रेम कुठे आलं पण? माझी बहीण म्हणते साप हातावर गुंडाळतो म्हणजे लळा लागला.

वारज्याचा_सर्पमित्र
ऊब लागली. पुढे बोला.

कर्वेनगरकर
लळ्याचं मी अक्षर काढलेलं नाही, वर जाऊन वाचा. धीटपणा आणि प्रेम या दोन गोष्टी तुम्ही लोक एकत्र कालवताय आणि मग प्रेमाला हसून धीटपणा पण उडवून लावताय. दोघांच्या पेट्या वेगळ्या आहेत पण शेजारी शेजारी, एकाच थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान काही इतकं वेगळं नसणार. कातीचं म्हणाल तर ती चार दिवसांची गोष्ट, इथे बाराही महिने तेच. आणि कॅनडातल्याच मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाच्या गावाजवळ दर वसंतात हजारोंनी गार्टर एकत्र बाहेर पडतात, इतका गोतावळ्यात राहणारा प्राणी, त्यात एकेकाची तऱ्हा नसेल?

शंकेखोर
नार्सिसचं उदाहरण इथे लागू नाही. तिथे चुनखडीच्या भेगा आहेत, जमीन गोठते त्याच्या खाली जायला तेवढीच जागा, म्हणून हिवाळ्यात सगळे तिथे कोंबले जातात आणि बाहेर आल्या आल्या एकेका मादीभोवती नरांचा गुंताडा होतो. त्यावरून त्यांना संगत आवडते असं काढता येत नाही, लॉरिएच्या अभ्यासावरून थोडंफार येतं. आपल्या बाजूचा पुरावा तरी नीट निवडा राव.

जीवशास्त्रवाली
बरं मग हा घ्या, याला उत्तर द्या. एडमंड ब्रॉडीचं काम, १९८९ ला नेचर या विज्ञानपत्रिकेत आलेलं, नॉर्थवेस्टर्न गार्टरवर. या जातीत रंग फार बदलतो, काहींना ठसठशीत पट्टे, काही ठिपक्यांचे. पट्टेवाली पिल्लं धोका दिसला की सरळ रेषेत सुसाट जातात, कारण लांब पट्टा हलत असला की बघणाऱ्याला वेग कळत नाही. ठिपकेवाली पळता पळता एकदम उलटी फिरतात आणि थबकतात, ठिपके गवतात मिसळून जातात. आणि हा फरक एकाच आईच्या पिल्लांमध्येसुद्धा सापडतो, रंग आणि पळायची पद्धत दोन्ही एकत्र वारशाने येतात. त्या पिल्लांना कोणी हाताळून शिकवलं नव्हतं, झाकण आणि गांडूळ पण नाही. आता हे सगळं तापमानावर ढकलून दाखवा.

शंकेखोर
नाही ढकलत. जन्मजात फरक असतो हे मी नाकारलेलंच नाही. माझा आक्षेप आहे घरी बसून "हा धीट ती बुजरी" ठरवण्यावर. प्रयोगात असतो म्हणून तुमच्या मावसभावाला तो दिसलाच असं होत नाही.

वारज्याचा_सर्पमित्र
ब्रॉडीचं आवडलं, खरंच. आपल्याकडच्या दिवडींतही रंगाचे चिक्कार प्रकार आहेत, त्यांचं असं कोणी बघायला पाहिजे.
पण कर्वेनगरकर, एक महत्त्वाचं राहिलं, मादीला खायला काय देतो तो? गोल्डफिश देत असेल तर आधी ते बंद करायला सांगा. त्यात थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं, नुसत्या त्याच माशांवर ठेवलेल्या गार्टरला कमतरता होऊन झटके येतात, तोल जातो. सुरुवातीला माणसाला वाटतं चिडचिडी झालीये.

कर्वेनगरकर
गांडुळं आणि उंदराची पिल्लं, मासा क्वचित, तोही गोल्डफिश नाही. आणि खायला देताना दोघांना लांब ठेवतो, कारण एकच गांडूळ दोन टोकांनी धरलं तर एक साप दुसऱ्यालाही गिळायला बघतो. प्रेम वगैरे म्हणणाऱ्या बहिणीला हे पण सांगा.

पेठेतली_मांजर
ई! सांगते. ते जाऊदे, नानेटी एवढी गरीब असते तर इथे पाळता येईल का? सोसायटीच्या बागेत दिसते अधूनमधून.

वारज्याचा_सर्पमित्र
अजिबात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवायचा नाही, गरीब असो नाहीतर नसो. बागेत आहे तर बागेत राहू द्या, बेडूक खाऊन निघून जाईल. फारच हौस असेल तर कात्रजच्या सर्पोद्यानात काचेबाहेरून बघा.

जीवशास्त्रवाली
कर्वेनगरकर, भावाला सांगून एक करता येईल. झाकण उघडून बघू नका, त्यात गांडूळ येतं. खाऊन तीन-चार दिवस झाल्यावर, कात नसताना, अंगाचं तापमान बघून, दोघांना एकेक करून अनोळखी स्वच्छ डब्यात आडोशाखाली ठेवायचं आणि डोकं बाहेर यायला किती वेळ लागतो तो लिहायचा. दर आठवड्याला एकदा, दोन-तीन महिने. आकड्यांचा क्रम टिकला तर शंकेखोर गप्प बसतील.

शंकेखोर
गप्प नाही बसणार, नर-मादीचा मुद्दा उरतोच. त्याच वेतातली आणखी एक मादी कोणाकडे गेली असेल तर तिचीही नोंद हवी.

कर्वेनगरकर
गेलीये, हॅमिल्टनला त्याच्या मित्राकडे. ती म्हणे चावते.

वारज्याचा_सर्पमित्र
तिच्या पेटीचं तापमान काय आहे ते आधी विचारा.